घरगुती भोजनव्यवसाय आणि समाजमाध्यमें

एकाद्या घरीं मुंज झाली, पंगत उठली, आणि विडा हातीं घेतां घेतां पाहुण्यांपैकीं कोणी यजमानीणबाईंना विचारलें कीं, “अळूची भाजी कोणाच्या हातची होती हो?” म्हणजे त्या आचाऱ्याचें पुढचें काम तेथेंच ठरलें असें समजावें. भोजनव्यवसायाची जुनी जाहिरात ती हीच. तिला खर्च नव्हता, कागद नव्हता, आणि तिच्या खरेपणाविषयीं शंका घेण्याचें कारणहि नव्हतें. कारण सांगणाराने तो पदार्थ स्वतः खाल्लेला असे आणि ऐकणारा सांगणाराला ओळखत असे. हल्लीं हाच प्रश्न मोबाइलवर विचारला जातो, आणि उत्तरादाखल एक क्रमांक, एक छायाचित्र व क्वचित् अर्ध्या मिनिटाची एक रील येऊन पडते. ज्याला अन्न हवें आहे त्याला तें कोण शिजवितें हें कळावें, हा हेतु दोन्ही ठिकाणीं एकच. परंतु पूर्वी चव आधीं पोंचत असे आणि कीर्ति मागाहून. आतां चित्र आधीं पोंचतें आणि चव मागाहून. घरगुती भोजनाचा व्यवसाय करणाऱ्या कुटुंबाला समाजमाध्यमांपासून जो लाभ होतो तो, आणि जी हानि संभवते तीहि, या एका उलथापालथींतून निघते.

घरीं स्वयंपाक करून तो विकणें ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाहीं. मुंबईच्या गिरणगांवांत चाळीच्या एका खोलींत चूल मांडून दहा-वीस गिरणीकामगारांना दोन वेळां जेवूं घालणाऱ्या बायकांनीं हा व्यवसाय कित्येक दशकें चालविला. त्यांची गिऱ्हाइकें बहुधा त्यांच्याच गांवचीं किंवा तालुक्याचीं असत, आणि हिशेब महिन्याचा असे. सावकाराच्या व्याजांतून त्यांची सुटका व्हावी आणि बँकेचें कर्ज त्यांच्या हातीं पडावें म्हणून प्रेमा पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलें. पुढें १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला. कामगार गांवोगांव परतले आणि त्यांच्याबरोबर खाणावळींचें उत्पन्नहि गेलें. त्या बायकांच्या हाताची चव कांहीं एका रात्रींत उणी झाली नव्हती. त्यांची कीर्ति एकाच वस्तींत फिरत होती आणि ती वस्तीच रिकामी झाली, एवढेंच घडलें. ज्या माध्यमानें अनोळखी माणसालाहि घरच्या स्वयंपाकाची वार्ता लागते, त्याचें मोल या हकीकतीवरून ध्यानांत यावें. मार्च २०२० मध्यें टाळेबंदी आली तेव्हां अनेक शहरी कुटुंबांनीं घरचे डबे आणि फराळाचे जिन्नस विकण्यास आरंभ केला तो याच माध्यमाच्या बळावर. त्या दिवसांत रस्त्यावर पाटी लावून ती वाचणार कोण होतें?

आतां उदाहरणासाठीं पुण्यांतील कोथरुडांतल्या एका घराची कल्पना करावी. घरच्या बाईंचा हात चांगला. शेजारपाजारीं आणि नात्यांत त्यांच्या पुरणपोळीचें व मोदकांचें नांव. घरांत चार शेगड्यांचा गॅस, एक शीतकपाट, आणि मदतीला एक बाई. थोरल्या मुलाची नोकरी गेल्यामुळें घरांत दोन पैसे यावेत या हेतूनें त्या हा व्यवसाय मनावर घेतात. गणेशचतुर्थीच्या आठ दिवस आधीं त्यांचा भाचा उकडीच्या मोदकांची एक रील काढून इन्स्टाग्रामवर टाकतो. रील सुरेख उतरते: पांढऱ्याशुभ्र उकडीला पडणाऱ्या नाजूक कळ्या, मोदकपात्राचें झांकण उघडतांच येणारी वाफ, वरून सोडलेली तुपाची धार. दोन दिवसांत ती हजारों लोक पाहतात आणि मोबाइल दिवसभर वाजूं लागतो. बाई हरखून जातात. कोणालाहि नाहीं म्हणणें त्यांच्या स्वभावांत नाहीं, आणि घरची निकड तर आहेच. चतुर्थीच्या आदल्या सायंकाळपर्यंत सव्वीस घरांना प्रत्येकीं एकवीस मोदक देण्याचें त्या कबूल करून बसतात, आणि निम्मे पैसे आगाऊ घेऊन त्यांतून नारळ, गूळ, तूप व आंबेमोहोराची पिठी भरतात.

येथें थोडा हिशेब केला पाहिजे, आणि तो खरें म्हणजे रील टाकण्यापूर्वींच करावयाचा होता. सव्वीस घरें आणि प्रत्येकीं एकवीस मोदक म्हणजे ५४६ मोदक झाले. सरावलेल्या हातालाहि एक मोदक वळण्यास दोन मिनिटें लागतात असें धरलें, तर १,०९२ मिनिटें, म्हणजे अठरा तासांहून थोडा अधिक वेळ केवळ वळण्यासच हवा. दोघीजणी बसल्या तरी नऊ तास. नैवेद्य दाखवावयाचा मध्याह्नीं. म्हणजे पहाटे तीन वाजतां दोघींनीं बसून एकदांहि मान वर न करतां मोदक वळले, तरी शेवटचा मोदक हातावेगळा होण्यास बारा वाजून जावयाचे. त्यांत नारळ खोवणें, सारण शिजविणें, उकड काढून ती मळणें, घाण्यामागून घाणा वाफविणें, आणि तयार मोदक घरोघर पोंचविणें यांचा वेळ धरलेलाच नाहीं. बरें, आदल्या रात्रीं करून ठेवावेत, तर उकडीचा मोदक शीतकपाटांत राहिला कीं त्याची पारी ताठरते आणि पुन्हां वाफविला तरी पहिला मऊपणा येत नाहीं. परिणाम काय व्हावयाचा तो उघड आहे. दुपारीं एक वाजतां दहा-बारा घरीं देवापुढें ताट मांडून माणसें दाराकडे डोळे लावून बसतात. कोणाच्या घरीं ऐंशी वर्षांच्या आजी नैवेद्य झाल्यावांचून पाण्याचा घोट घेत नाहींत. ज्यांना मोदक पोंचतात त्यांनाहि घाईनें वळलेले, फाटलेले, कळ्यांचें नांव नसलेले असे मिळतात. सायंकाळीं त्याच इन्स्टाग्रामवर, त्याच सुंदर रीलच्या खालीं, जें लिहिलें जातें तें वाचून बाईंच्या डोळ्यांना पाणी येतें. आणि त्यांतला एकहि शब्द खोटा नसतो, हें अधिक दुःखाचें.

या बाईंनीं बारा घरांची मागणी घेतली असती तर? २५२ मोदक, म्हणजे दोघींनीं सकाळीं सहाला वळावयास बसून सव्वादहाच्या आंत मोकळें होण्याजोगें काम. पहिला घाणा निघतांच घरपोंच देण्यास आरंभ झाला असता, आणि बारा घरीं त्यांचें नांव वर्षभर निघालें असतें. उत्पन्न निम्म्याहून कमी झालें असतें हें खरें. पण पैसे परत करण्याची पाळी आली नसती आणि पुढच्या वर्षीं तींच बारा घरें आपण होऊन विचारीत आलीं असतीं. म्हणून भोजनव्यवसायाच्या जाहिरातींतला पहिला आंकडा किती लोकांनीं चित्र पाहिलें हा नसून आपल्या शेगड्या, आपलीं पातेलीं आणि आपले हात एका दिवसांत किती पानें वाढूं शकतात हा असतो. तो आंकडा कागदावर लिहून ओट्याच्या वरच्या भिंतीला चिकटवावा आणि मग मोबाइल हातीं घ्यावा. ‘मोजक्याच बारा मागण्या घेतल्या जातील’ हें वाक्य जाहिरातींतच घालण्यास कांहीं हरकत नाहीं. त्यानें गिऱ्हाईक रुसत नाहीं. उलट लौकर सांगतें.

माध्यमांपैकीं घरगुती व्यवसायाला सर्वांत उपयोगी पडतें तें व्हॉट्‌सॲप. धंदेवाल्यांसाठीं त्याची एक निराळी आवृत्ति, व्हॉट्‌सॲप बिझनेस या नांवाची, जानेवारी २०१८ मध्यें निघाली. तिच्यांत पदार्थांची सचित्र यादी दरांसह मांडतां येते. वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचीं उत्तरें लिहून ठेवून एका खुणेसरशीं पाठवितां येतात. आणि ‘नवी मागणी’, ‘पैसे येणें’, ‘पोंचविलें’ अशा चिठ्ठ्या प्रत्येक संभाषणाला लावतां येतात. चकलीचा घाणा तेलांत असतांना कोणी निरोप पाठविला, तर ‘चार वाजल्यानंतर उत्तर मिळेल’ असें तें यंत्र आपण होऊन कळवितें. ही शेवटची सोय क्षुल्लक वाटेल. परंतु कढईपुढें उभें राहून पिठाच्या हातानें मोबाइल उचलणाऱ्या बाईला तिचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

एकाच वेळीं अनेकांना निरोप धाडण्याची जी यादी व्हॉट्‌सॲपवर करतां येते, तिच्यांतली एक मेख पुष्कळांना ठाऊक नसते. अशा एका यादींत २५६ नांवें मावतात. पण ज्यांनीं व्यवसायाचा क्रमांक आपल्या मोबाइलमध्यें साठविलेला आहे त्यांनाच तो निरोप पोंचतो. ज्यांनीं साठविलेला नाहीं त्यांना तो मिळतच नाहीं, आणि पाठविणारास वाटतें कीं लोकांना आपल्या पदार्थांची गोडीच राहिली नाहीं. यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक डब्याबरोबर लहानशी चिठ्ठी द्यावी: ‘हा क्रमांक नांवासह साठवून ठेवावा, दर शनिवारीं पुढील आठवड्याचे पदार्थ कळविले जातील.’ या यादीचा गुण असा कीं प्रत्येकाला निरोप स्वतंत्र मिळतो आणि त्याचें उत्तर एकट्या पाठविणारालाच दिसतें. ग्रुपमध्यें मात्र सर्वांचें बोलणें सर्वांना ऐकूं येतें. भावाची घासाघीस चारचौघांत होऊं नये, हें कोणत्याहि दुकानदाराला कळतें.

आठवड्यांत किती निरोप धाडावेत? एक पुरे, सणाच्या तोंडावर दोन. रोज सकाळीं फुलांचें चित्र आणि सुविचार पाठविणाऱ्या पोळीभाजीवाल्या बाईंचा निरोप लोक न वाचतांच पुसून टाकूं लागतात, आणि मग ज्या दिवशीं खरोखर गरम पुरणपोळी तयार असते त्या दिवशीं तीहि त्या फुलांबरोबर पुसली जाते. रोजचें सांगणें असल्यास त्यासाठीं स्टेटस आहे. तें चोवीस तासांनीं आपोआप नाहींसें होतें, आणि ज्याला पाहावयाचें असेल तोच पाहतो.

इन्स्टाग्राम आणि फेसबुक यांचें काम निराळें. तेथें आपल्याला न ओळखणारा माणूस भेटतो. परंतु शिजविलेल्या अन्नाच्या व्यवसायांत अंतराला फार महत्त्व आहे. कोथरुडांतल्या स्वयंपाकघराची रील नागपुरांत दहा हजार लोकांनीं पाहिली, तरी त्यांतून आमटीची एक वाटीहि खपत नाहीं. पैसे भरून जाहिरात द्यावयाची झाल्यास आपल्या ठिकाणाभोंवतीं ठराविक अंतराच्या वर्तुळांतच ती दिसावी अशी योजना या माध्यमांवर करतां येते, आणि ती केल्यावांचून एक रुपयाहि खर्चूं नये. टिकाऊ फराळाची गोष्ट वेगळी. दिवाळीच्या चकल्या, करंज्या व चिवडा परगांवीं नव्हे तर परदेशींहि जातात, आणि मुलगा दूरदेशीं असलेल्या घरांतून अशी मागणी दरवर्षीं निघते. तेथें दूरच्या डोळ्यांचा उपयोग आहे. एवढा भेद ध्यानांत घेतला म्हणजे किती लोकांनीं पाहिलें या आंकड्याची भूल पडत नाहीं. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ‘आमच्याविषयीं कोठून कळलें?’ एवढें विचारून उत्तर वहींत टिपून ठेवावें. तीन महिन्यांनीं ती वही उघडली तर बहुधा असें दिसून येईल कीं, अर्ध्याअधिक नांवांपुढें ‘मैत्रिणीनें सांगितलें’ असेंच लिहिलेलें आहे.

छायाचित्राविषयीं थोडें सविस्तर सांगणें अवश्य आहे. अन्नाचें चित्र खिडकीपाशीं दिवसाच्या उजेडांत घ्यावें. पिवळ्या दिव्याखालीं वरणाचा आणि बासुंदीचा रंग एकच दिसतो. ताटामागें घासावयाचीं भांडीं दिसूं नयेत, वाटीचा कांठ पुसलेला असावा. ही झाली टापटीप. खरी गोष्ट अशी कीं जें चित्रांत आहे तेंच आणि तेवढेंच डब्यांत असावें. दुसऱ्याच्या चित्रांतून उचललेली केशरी जिलेबी आपल्या नांवानें दाखविणें ही चोरी तर आहेच, शिवाय तो एक करार आहे. आणि तो पुरा करावयाचा आहे आपल्या कढईला. चित्रांतील ताटांत चार पोळ्या दिसत असतील आणि डब्यांत तीन निघाल्या, तर ‘चित्र केवळ नमुन्यादाखल’ हें बारीक अक्षरांतलें वाक्य भुकेल्या माणसाचें समाधान करीत नाहीं. म्हणून चित्राखालीं स्पष्ट लिहावें: पोळ्या किती, भाजी किती ग्रॅम, आमटी किती, किती माणसांस पुरेल, आणि दर किती. कित्येकजण दर लिहीत नाहींत. ‘दरासाठीं खाजगी निरोप धाडावा’ असें लिहितात. यांत कांहीं मोठें व्यापारी चातुर्य आहे असा त्यांचा समज असतो. गृहिणीला मात्र तें आवडत नाहीं. ज्या दुकानांत दर विचारावा लागतो तें दुकान माणूस पाहून दर सांगतें, असा तिचा अनुभव असतो, आणि ती पुढच्या दुकानाकडे वळते.

जाहिरात केव्हां करावी याचें उत्तर भिंतीवरच्या पंचांगांत असतें. लग्नसराईंत केळवणें, ग्रहमखें आणि मुंजी. श्रावणांत सत्यनारायण व मंगळागौर. भाद्रपदांत मोदक, गौरीचें जेवण आणि मागोमाग पितृपक्ष. आश्विनांत उपवासाचे पदार्थ आणि मग दिवाळी. प्रत्येक पदार्थाला जेवढी पूर्वतयारी लागते तेवढें आधीं बोललें पाहिजे. अनारशाचे तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलून भिजवावे लागतात, मग ते सुकवून कुटावयाचे, गुळांत मळावयाचे आणि तो गोळा मुरूं द्यावयाचा. वसुबारसेला ज्यानें अनारशांची जाहिरात दिली त्यानें एक तर पीठ आधींच करून ठेवलेलें आहे किंवा तो दुसऱ्याचे अनारसे विकणार आहे. दसऱ्याच्या सुमारास यादी प्रसिद्ध करावी, मागण्या घेण्याचा शेवटचा दिवस जाहीर करावा, आणि तो पाळावा.

गृहसंकुलांच्या ग्रुपांचा प्रश्न जरा नाजूक आहे. हे ग्रुप पाणी केव्हां येणार, उद्वाहन केव्हां दुरुस्त होणार, असल्या कामांसाठीं निघालेले असतात. तेथें न विचारतां थालीपिठांची जाहिरात टाकणें म्हणजे दुसऱ्याच्या ओसरीवर बसून आपलें दुकान मांडणें होय. चालकांची परवानगी घ्यावी, आठवड्याचा एक वार ठरवून घ्यावा. आणि त्याच इमारतींतल्या दुसऱ्या कोणी बाईंनीं आपली जाहिरात टाकली तर तिच्याखालीं आपले दर लिहूं नयेत. जिन्यांत रोज भेटणाऱ्या माणसांशीं मोबाइलवर लढाई करण्यांत शोभा नाहीं.

तक्रार ही केव्हां ना केव्हां येणारच. शंभर डब्यांत एकाद्या वेळीं मीठ चुकतें, डबा उशिरां पोंचतो, भाजींत खडा निघतो. पूर्वी गिऱ्हाईक दारांत येऊन चार शब्द बोलून जाई. आतां तो तेच चार शब्द चारशें लोकांपुढें लिहितो. असें लिखाण पुसून टाकण्याकडे किंवा नातेवाइकांकडून दहा स्तुतिपर अभिप्राय लिहवून घेण्याकडे मनाचा ओढा असतो. दोन्ही गोष्टी वाचणाराला तत्काळ कळतात. त्याच ठिकाणीं, त्याच दिवशीं, शांतपणें लिहावें: ‘आज आमटींत मीठ अधिक झालें हें खरें आहे. आपले पैसे परत केले आहेत.’ एवढेंच, कारणें सांगत बसूं नये. असें उत्तर वाचून नवीं गिऱ्हाइकें जोडलीं जातात, कारण चूक कोणाकडूनहि होते, पण या घरीं ती कबूल केली जाते, एवढें त्यांना दिसतें. तक्रार खोटी असेल तर मागणीचा दिवस आणि वेळ देऊन एकदांच खुलासा करावा, आणि थांबावें. मात्र कोणाचें पोट बिघडल्याची तक्रार आली, तर ती मिठाच्या तक्रारीसारखी धरूं नये. त्या दिवसाचें सर्व अन्न थांबवावें, ज्यांना डबे गेले त्यांना आपण होऊन कळवावें, आणि काय बिघडलें तें सांपडेपर्यंत चूल पेटवूं नये. यांत नुकसान आहे, आणि तें सोसावें लागतें.

हल्लीं ‘फूड ब्लॉगर’ म्हणविणारी एक जात निघाली आहे. हे लोक येऊन जेवतात, त्याची रील काढतात, आणि पुष्कळदां त्याबद्दल पैसे घेतात. मोबदला घेऊन केलेली स्तुति ही जाहिरात आहे असें उघड सांगितलें पाहिजे, असा दंडक केंद्र शासनानें जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शिकेंत घालून दिला आहे. ज्याची स्तुति विकत मिळते त्याचें मौनहि विकत मिळत असेल, असें वाचणाराला वाटल्यास नवल नाहीं. चार जुन्या गिऱ्हाइकांनीं आपल्या शब्दांत लिहिलेले दोन-दोन ओळींचे अभिप्राय, त्यांची संमति घेऊन छापले, तर ते अधिक कामास येतात.

कायद्याच्या बाबतींत दोन गोष्टी थोडक्यांत. अन्नसुरक्षा व मानके अधिनियम २००६ अन्वयें घरीं अन्न शिजवून विकणाऱ्यालाहि नोंदणी आवश्यक आहे, आणि तिचा चौदा आंकडी क्रमांक मिळतो. तो आपल्या पानावर व पावतीवर ठळक छापावा. अनोळखी गिऱ्हाइकाला त्याचा विश्वास वाटतो. दुसरी गोष्ट औषधी गुणांची. ‘मधुमेह बरा करणारे लाडू’, ‘आठ दिवसांत वजन उतरविणारा डबा’ अशा जाहिराती समाजमाध्यमांवर पैशाला पासरी दिसतात. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल याच अधिनियमांत दहा लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. नाचणीचा लाडू नाचणीचा म्हणूनच विकावा. तो चांगला झाला असेल तर तेवढें पुरतें.

जें माध्यम गिऱ्हाईक आणतें तेंच लबाडहि आणतें. एकादा मोठ्या हुद्द्याचा अधिकारी म्हणून बोलतो, पन्नास डब्यांची मागणी देतो, भाव करीत नाहीं, आणि आगाऊ पैसे धाडण्यासाठीं म्हणून एक क्यूआर कोड पाठवून त्यावर मोबाइल धरावयास व पिन घालावयास सांगतो. पिन घालतांच पैसे येण्याऐवजीं जातात. यूपीआयमध्यें पैसे घेण्यासाठीं पिन कधींच घालावा लागत नाहीं. पिन लागतो तो देण्यासाठीं. हें वाक्य घरांतल्या प्रत्येकानें पाठ करून ठेवावें. तरीहि फसगत झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें. जितकें लौकर कळवावें तितका ती रक्कम अडविली जाण्याचा संभव अधिक.

शेवटीं एक गोष्ट राहते. हीं माध्यमें कितीहि सोयीचीं असलीं तरी ती परक्याची जागा आहे. २९ जून २०२० रोजीं भारत सरकारनें टिकटॉकवर बंदी घातली, आणि ज्यांनीं आपलीं सारीं गिऱ्हाइकें तेथें जोडलीं होतीं त्यांना तीं पुन्हां कोठें शोधावीं हें कळेना. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्‌सॲप हीं तिन्ही एकदम सुमारें सहा तास बंद पडलीं. भारतांत तेव्हां रात्र होती म्हणून निभावलें, पण सकाळच्या डब्यांच्या मागण्या रात्रींच घेणाऱ्यांची तारांबळ उडाली. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाचें नांव, पत्ता आणि दूरध्वनि क्रमांक साध्या शंभर पानी वहींत शाईनें लिहून ठेवावा. समोर बारीकसारीक टीपहि असावी: कांदालसूण चालत नाहीं, आजोबांना मऊ भात, चतुर्थीचा उपवास. ही वही बंद पडत नाहीं.

वर कल्पिलेल्या बाईंनीं तशी वही केली असें समजूं या. त्यांनीं सव्वीस घरीं स्वतः दूरध्वनि करून क्षमा मागितली, ज्यांना मोदक मिळाले नव्हते त्यांचे पैसे परत केले, आणि वर्षभर केवळ पोळीभाजीचे डबे दिले. पुढच्या चतुर्थीला भाच्यानें पुन्हां रील काढली. या वेळीं तिच्याखालीं पहिलीच ओळ होती, ‘बारा घरें.’ तिसऱ्या दिवशीं बारावी मागणी वहींत चढली आणि स्टेटसवर ‘मागणी बंद’ असें लागलें. त्यानंतर तेरावा दूरध्वनि आला तो गेल्या वर्षीं ज्या घरीं नैवेद्य खोळंबला होता त्या घरचा. बाई क्षणभर घुटमळल्या. मग त्यांनीं दोन गल्ल्यांपलीकडे मोदक करणाऱ्या दुसऱ्या एका बाईंचा क्रमांक त्या घरीं दिला, आणि वहींत त्या नांवापुढें लिहिलें, ‘पुढच्या वर्षीं आधीं यांना विचारणें.’